विश्लेषण : आठ कॅमेरे, सेकंदाला एक जीबी डेटा… मोशन कॅप्चरसाठी डिस्क कोणती निवडावी?

अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी टिपलेल्या व्हिडीओवरून माणसाची हालचाल त्रिमितीत मोजण्याचे तंत्र आता चित्रपट स्टुडिओंपुरते उरलेले नाही. गोलंदाजाची शैली तपासणारे प्रशिक्षक, रुग्णाची चाल अभ्यासणारे फिजिओथेरपिस्ट आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थीही ते वापरतात. कॅमेऱ्यांवर मोठा खर्च होतो, पण चित्रीकरण अनेकदा अडते ते डिस्कपाशी. खोक्यावर मोठा वेग छापलेली डिस्कही काही मिनिटांत का मंदावते आणि निवड कशी करावी, याविषयी…

सगळ्याच मोशन कॅप्चरला वेगवान डिस्क लागते का?

नाही. अंगावर चमकते मार्कर लावून केल्या जाणाऱ्या पद्धतीत बहुतेक कॅमेरे स्वतःच मार्करची जागा शोधतात आणि संगणकाला फक्त आकडे पाठवतात. हा डेटा इतका कमी असतो की साधी हार्ड डिस्कही पुरते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘ओपनकॅप’ प्रणालीत तर दोन आयफोनवर काम भागते. प्रश्न येतो तो मार्करविना, पूर्ण व्हिडीओवरून हालचाल ओळखणाऱ्या पद्धतीत. त्यातही औद्योगिक कॅमेऱ्यांचा कच्चा, म्हणजे कॉम्प्रेस न केलेला व्हिडीओ साठवायचा असेल, तेव्हा खरी कसोटी लागते.

डेटा किती तयार होतो?

हिशेब सोपा आहे. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला एक बाइट धरला आणि सेकंदाला ६० फ्रेम घेतल्या, तर एक कॅमेरा सेकंदाला सुमारे १२४ एमबी डेटा देतो. आठ कॅमेऱ्यांचे झाले ९९५ एमबी, म्हणजे जवळपास एक जीबी. दहा मिनिटांत ६०० जीबी आणि तासाभरात सुमारे ३.६ टीबी! फ्रेमचा वेग दुप्पट केला की हे सगळे आकडेही दुप्पट होतात.

एखादी फ्रेम गळाली तर काय बिघडते?

डिस्क मागे पडली की डेटा आधी संगणकाच्या रॅममध्ये साचतो. ती भरली की फ्रेम गळू लागतात. साध्या व्हिडीओत हे लक्षातही येत नाही. मोशन कॅप्चरमध्ये मात्र सर्व कॅमेऱ्यांच्या एकाच क्षणाच्या फ्रेम जुळवून बिंदूची जागा काढली जाते. ६० फ्रेमच्या वेगात दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंदांचे अंतर असते. गोलंदाजाचा हात सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत असेल, तर तेवढ्यात तो ३३ सेंटिमीटर पुढे जातो. एका कॅमेऱ्याची एक फ्रेम नकळत गळाली आणि पुढचा क्रम सरकला, तर कोपराचा कोनच चुकीचा निघतो. शस्त्रक्रियेपूर्वीची रुग्णाची चाल तर नंतर पुन्हा टिपताही येत नाही.

कोणती डिस्क किती वेग देते?

साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी वेग देते. म्हणजे वरच्या हिशेबातील एकच कॅमेरा. साटा जोडणीची एसएसडी ५५० एमबीच्या आसपास थांबते. तिथे चार कॅमेरे जेमतेम बसतात. एनव्हीएमई एसएसडीचा छापील वेग तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई जोडणीवर सुमारे ३,५०० एमबी, तर चौथ्या पिढीवर ७,००० एमबीपर्यंत जातो. नेटवर्कवरील साठवणुकीचा विचार करताना बिट आणि बाइटची गल्लत टाळावी. एक गिगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला कमाल १२५ एमबी. प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

मग छापील वेग टिकत का नाही?

आजच्या बहुतेक एसएसडी एका पेशीत तीन बिट (टीएलसी) किंवा चार बिट (क्यूएलसी) साठवतात. असे लिहिणे संथ असते. म्हणून ड्राइव्ह काही भागात आधी एकच बिट भरभर लिहून घेते. खोक्यावर छापला जातो तो या कॅशेचा वेग. कॅशे भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्या ‘८७० क्यूव्हीओ’ या एक टीबीच्या ड्राइव्हचे उदाहरण घ्या. कंपनीच्याच माहितीनुसार तिचा लिहिण्याचा वेग ५३० एमबी आहे. पण ४२ जीबीची कॅशे भरल्यावर तो ८० एमबीवर येतो. पूर्ण वेगाने लिहिले तर ही कॅशे सुमारे ८० सेकंदांत संपते. फाइल कॉपी करणाऱ्याला ही ड्राइव्ह उत्तम, पण दहा मिनिटांच्या चित्रीकरणाला निरुपयोगी. शिवाय एनव्हीएमई ड्राइव्ह तापली की स्वतःच वेग कमी करते आणि भरत आली की तिची कॅशेही आक्रसते.

भार एकाच डिस्कवर टाकायलाच हवा का?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘पॅनॉप्टिक स्टुडिओ’च्या घुमटात ४८० व्हीजीए कॅमेरे आहेत. ६४० गुणिले ४८० पिक्सेल आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर एक बाइटच्या हिशेबाने एकूण भार ३.७ जीबी होतो. पण हे कॅमेरे प्रत्येकी २४ च्या २० पॅनेलमध्ये विभागलेले आहेत. एका पॅनेलच्या वाट्याला येतात फक्त १८४ एमबी. हेच तत्त्व लहान प्रयोगशाळेलाही लागू पडते. चार कॅमेरे एका ड्राइव्हवर, चार दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिले तरी भार निम्मा होतो. दोन ड्राइव्ह ‘रेड-०’ पद्धतीने जोडूनही वेग वाढतो, मात्र त्यातली एक बिघडली तर दोन्हींवरचा डेटा जातो.

आणखी दोन मार्ग स्वस्त आहेत. चित्रीकरण ३० सेकंदांचेच असेल तर ३० जीबी डेटा ६४ जीबी रॅममध्ये मावतो. तो नंतर सावकाश डिस्कवर उतरवता येतो. दुसरा मार्ग ग्राफिक्स कार्डवर तत्काळ कॉम्प्रेस करण्याचा. प्रत्येक कॅमेऱ्याला ५० मेगाबिट दिले तरी आठ कॅमेऱ्यांचे सेकंदाला ५० एमबीच होतात. वेगवान हालचालीतला बारीक तपशील त्यात काही प्रमाणात पुसट होतो. तो चालेल का, हे आधी ठरवावे.

ड्राइव्ह किती काळ टिकेल?

एक टीबीच्या अनेक टीएलसी ड्राइव्हची हमी ६०० टीबी लिखाणाची असते. तासाला ३.६ टीबी लिहिले तर ती सुमारे १६६ तासांत संपते. रोज दोन तास काम केले तर तीन महिन्यांच्या आत! जास्त क्षमतेच्या ड्राइव्हची ही मर्यादा सहसा जास्त असते. डेटा दुसरीकडे हलवण्याचा वेळही मोजावा. ३.६ टीबी एक गिगाबिट नेटवर्कवरून पाठवायला सुमारे नऊ तास लागतात.

खरेदीपूर्वी काय तपासावे?

आधी आपला प्रति सेकंद डेटा आणि सर्वांत लांब चित्रीकरणाचा कालावधी काढावा. लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, दुकानदाराला कमाल वेग न विचारता कॅशे संपल्यानंतरचा वेग विचारावा आणि तो गरजेच्या किमान दीडपट असावा. क्यूएलसी टाळून टीएलसी घ्यावी, हीटसिंक लावावे आणि विंडोज असलेल्या ड्राइव्हवर चित्रीकरण करू नये. लोकप्रिय ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ चाचणी मुळात एक जीबीच्या फाइलवर चालते, म्हणजे कॅशेच्या आतच. त्याऐवजी ‘एफआयओ’सारख्या मोफत साधनाने पूर्ण चित्रीकरणाइतका वेळ लिहून पाहावे आणि त्यातला सर्वांत कमी वेग नोंदवावा. डिस्कची निवड करायची ती याच आकड्यावर.