सुईचं पाकीट कुणासमोर फुटलं?

आजीच्या हातावरचं गोंदण हिरवट दिसायचं, पण आत असायची साधी काजळीच. गोव्यात हरमलला फाइन लाइन टॅटू काढा की डिचोलीच्या पार्लरात मायक्रोब्लेडिंगने भुवया कोरून घ्या, रंग जातो तो कातडीखालीच, टॅटूत जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर. सुई वर राहिली की रेघ पुसट होते. खोल गेली की शाई पसरते आणि केसाएवढी बारीक रेघ निळसर डागासारखी दिसू लागते. हा अंदाज हाताला यायला वेळ लागतो. तरी आपल्या देशात टॅटू काढणाऱ्याला ना सक्तीचं प्रशिक्षण, ना देशभर लागू असलेला परवाना. भिंतीवरचं चकचकीत प्रमाणपत्र दोन दिवसांच्या वर्गाचंही असू शकतं, म्हणून त्याला मी फारसा भाव देत नाही.

पाहायचं ते सुईकडे. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा. शाई छोट्या कपात नव्याने ओतलेली हवी. उरलेली परत बाटलीत जाताना दिसली, तर सरळ उठा. हेपटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस तग धरतो. स्पिरिटचा बोळा फिरवून सुई निर्जंतुक होत नाही.

शाईत काय आहे, हेही महत्त्वाचं: युरोपीय संघाने जानेवारी 2022पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले.

टॅटूनंतर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही. आणि जखम भरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन आठवडे, समुद्रात उतरायचं नाही. मोरजीला सुट्टीवर आलेल्यांना नेमकं हेच पटवणं कठीण!