‘पथ्य’ : अर्थांतर आणि आहार

आहारतज्ज्ञाने रुग्णास ‘पथ्य पाळा’ असे सांगितले की, त्याच्या मनात प्रथम वर्ज्य पदार्थांची यादी उभी राहते. या समजुतीचे मूळ शब्दाच्या इतिहासात आहे.

पाणिनीच्या सूत्रानुसार (४.४.९२) ‘पथ्य’ म्हणजे मार्गापासून न ढळलेले. आयुर्वेदात हितकर, अर्थात सेवनीय ते पथ्य. त्याज्य ते अपथ्य. मराठीत मात्र हा शब्द निषेधाकडे झुकला. ‘त्यांना गोडाचे पथ्य आहे’ या वाक्यात षष्ठीने जोडलेला पदार्थ मूळ अर्थाने ‘अपथ्य’च होय! शिवाय पथ्य हे दुखण्यापुरतेच, बरे वाटताच सोडावयाचे, अशीही छटा त्यास चिकटली आहे.

मधुमेहासारख्या दीर्घकालीन विकारात हे दोन्ही ग्रह अपायकारक ठरतात. रुग्ण साखर सोडतो. पण ताटातील भात तेवढाच राहतो, आणि तपासणीत साखर उतरली की पथ्यही संपते. आहारशास्त्राची दृष्टी प्रमाणाची व नित्याची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २,००० किलोकॅलरींच्या दैनिक आहारात तृणधान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि डाळी, कडधान्ये वा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. भाज्यांचे वजन धान्याहून अधिक आहे, ही गोष्ट आपल्या नेहमीच्या ताटाशी ताडून पाहण्याजोगी आहे.

तात्पर्य, सल्ला देताना केवळ ‘भाताचे पथ्य करा’ म्हणणे पुरेसे नाही. ‘भात निम्मा घ्या, उसळ व पालेभाजी वाढवा, आणि हे रोजचेच समजा’ असे म्हटल्यास पथ्याचा मूळ अर्थ साधतो.