टायनी११ घ्यावं की अ‍ॅटलस?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवाल्यांची विचारणा वाढली: हलकं विंडोज कुठलं टाकू?

आधी बघा, ते तयार कसं होतं. घोस्ट स्पेक्टरसारख्या आवृत्त्यांची तयार आयएसओ फाइल मिळते. कुणीतरी आतून काय काढलं, काय घातलं, हे तुम्हाला तपासता येत नाही. ज्या मशीनवर बँकेचं काम होतं, तिथे मी हे कधीच टाकणार नाही.

टायनी११ बिल्डरचं तसं नाही. ती उघडी पॉवरशेल स्क्रिप्ट आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मूळ आयएसओ तुम्हीच उतरवायची, स्क्रिप्ट त्यातून वनड्राइव्ह, एज वगैरे काढून नवी आयएसओ बनवते. अपडेट्स चालू राहतात. पण त्याच्याच शेजारी 'कोअर' स्क्रिप्ट असते, ती चुकून घेऊ नका! त्यात विंडोज अपडेट बंद, डिफेंडर बंद, आणि मागाहून मराठीचा लँग्वेज पॅकही जोडता येत नाही. ती फक्त व्हर्च्युअल मशीनमध्ये चाचणीसाठी.

अ‍ॅटलस आणि त्याच्यासारखंच रेव्ही, ही दोन्ही आधीच बसवलेल्या विंडोजवर चढवतात. कोड खुला आहे, रोख गेमिंगवर. अ‍ॅटलस बसवताना डिफेंडर बंद करायचा पर्याय येतो. तो चालूच ठेवा.

लायसन्स मात्र यांतल्या कशानेच मिळत नाही, ते तुमचंच लागतं.

माझी पसंती साधी टायनी११. टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्याच.