अकस्मात् थबकणारा संगणक



घरांतील दिवा गेला, तर तो गेला हें अंधारावरून तत्काळ कळतें. नळ गळूं लागला, तर तो सारखा गळतो आणि गळतीची जागा डोळ्यांना दिसते. परंतु कांहीं दोष असे असतात, कीं ते मनास येईल तेव्हां प्रकट होतात आणि आपण तपासावयास बसलों कीं दडून राहतात. मास्तर फळ्याकडे वळले कीं वर्गांत कुजबूज सुरू व्हावी, आणि त्यांनीं तोंड फिरवितांच सर्वत्र शांतता पसरावी, त्यांतलाच हा प्रकार. घरचा संगणक तासन् तास बिनबोभाट चालतो; मग एकाएकीं पडद्यावरचें चित्र जागच्या जागीं गोठतें, बाण हलत नाहीं, कळा दाबाव्या तर उत्तर नाहीं. बटण दाबून बंद केला आणि पुन्हां चालू केला, तर जणूं कांहीं घडलेंच नव्हतें! अशा लपंडाव खेळणाऱ्या दोषाचा माग कसा काढावा, हें आज आपण पाहूं.

या बाबतींत पहिलें काम दुरुस्तीचें नव्हेच. संगणकांत घरचा जमाखर्च असतो, मुलांचा अभ्यास असतो, आतां हयात नसलेल्या वडील माणसांचीं छायाचित्रें असतात. थबकण्याचें कारण जर हार्ड डिस्कचें दुखणें असेल, तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे. आणि कारण दुसरें असलें, तरी लिहिणें चालू असतांना यंत्र बळेंच बंद केल्यानें कागदपत्रें बिघडूं शकतात. म्हणून सर्व महत्त्वाचा मजकूर प्रथम वेगळ्या डिस्कवर उतरून घ्यावा, ती डिस्क दुसऱ्या संगणकास जोडून चारदोन कागद उघडून पहावे, आणि मगच परीक्षेस लागावें. यंत्र बाजारांत पुन्हां मिळतें. आजीचें छायाचित्र मिळत नाहीं.

दुसरें काम निरीक्षणाचें. यंत्र थबकलें कीं लगेच बटणाकडे हात नेऊं नये. कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून पहावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्राचा मूळ कारभार जिवंत आहे. एखादा प्रोग्रॅम अडला आहे किंवा डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहणें चाललें आहे. अशा वेळीं कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून अडलेला प्रोग्रॅम बंद करतां येतो. दिवा मुळींच दाद देत नसेल, तर दोष बहुधा अधिक खोल आहे.

तिसरें काम रोजनिशीचें. एका वहींत तारीख, वेळ, त्या वेळीं चाललेलें काम, खोलींतील उष्मा आणि विजेची स्थिति, अशा पांच रकान्यांत प्रत्येक थबकणें टिपावें. ही पद्धत संगणकाइतकीच जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्डच्या मार्क टू या प्रचंड गणकयंत्रांत बिघाड झाला, तेव्हां त्याच्या एका रिलेंत पतंग अडकलेला सांपडला. चालकांनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत लावला आणि शेजारीं वेळ लिहून ठेवली. तें पान आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. विंडोज संगणक स्वतःहि अशी नोंद ठेवतो. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडला कीं कोणत्या दिवशीं काय बिघडलें व त्याच सुमारास कोणतें नवें साधन किंवा प्रोग्रॅम बसविला होता, हें एका तक्त्यांत दिसतें. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्यें ‘कर्नेल पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळ लोक विजेस दोष देतात. वस्तुतः तिचा अर्थ एवढाच, कीं मागील वेळीं यंत्र रीतसर बंद झालें नाहीं. ती नोंद परिणामाची आहे, कारणाची नव्हे.

आतां शोधाचें क्षेत्र निम्मे करावयाचें. लिनक्सची एखादी आवृत्ति पेन ड्राइव्हवर घेऊन, आंतील डिस्कला स्पर्श न करतां, त्यावरूनच संगणक चालविता येतो. तशा स्थितींतहि तो थबकला, तर विंडोज निर्दोष ठरून संशय यंत्राच्या अवयवांवर येतो. तो मुळींच थबकला नाहीं, तर दोष विंडोजमध्यें, ड्रायव्हरमध्यें, किंवा या परीक्षेंत स्वस्थ बसलेल्या डिस्कमध्यें असूं शकतो. हा शेवटचा पर्याय विसरूं नये. ड्रायव्हरपैकीं चित्रपटलाचा ड्रायव्हर नुकताच बदलला असेल, तर प्रथम पूर्वींचा परत आणावा.

अवयवांपैकीं चौघांची चौकशी करावी लागते : उष्णता, स्मृति, डिस्क आणि वीज.

उष्णतेची गोष्ट सोपी आहे. धूळ पंख्यांत व त्याखालील धातूच्या पात्यांत नमद्यासारखी बसते आणि वारा कोंडतो. आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सियसच्या आसपास पोंचतांच आपली गति स्वतः कमी करतात आणि तरीहि भागलें नाहीं तर बंद पडतात. म्हणून आधीं मंदपणा व मग अडखळणें, तेंहि उन्हाळ्यांत किंवा जड कामाच्या वेळीं, असा क्रम रोजनिशींत दिसला, तर तारा काढून पेटी उघडावी, पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें आणि ब्लोअरनें धूळ उडवावी.

स्मृतीची, म्हणजे रॅमची, गोष्ट अधिक गमतीची. ८ गीगाबाइटच्या रॅममध्यें ६,८०० कोटींहून अधिक सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येकांत शून्य किंवा एक, एवढेंच सांठविलेलें असतें. त्यांतील एखादाच कप्पा खोटा असेल, तर ज्या दिवशीं कांहीं महत्त्वाची आज्ञा त्यांतच जाऊन पडेल, त्याच दिवशीं यंत्र फसेल, एरव्हीं नाहीं. दोष कायम असूनहि त्याचें दर्शन लहरी कां, याचें हें उत्तर आहे. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ किंवा ‘मेमटेस्ट ८६’ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. एकहि चूक निघाली तर ती पुरेशी आहे. मग रॅमच्या पट्ट्या काढून घट्ट बसवाव्या आणि एकेक पट्टी ठेवून पुन्हां परीक्षा घ्यावी. पट्टीस हात लावण्यापूर्वीं पेटीच्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या नांवाखालीं ठेवते. फिरत्या डिस्कचा एखादा भाग वाचतां येईनासा झाला, तर ती पुन्हां पुन्हां प्रयत्न करीत बसते आणि तितका वेळ सारें यंत्र खोळंबतें. ‘रीॲलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ या सदरांखालील आंकडे आठवड्या-आठवड्यानें वाढत असतील, तर डिस्क बदलावी. ‘सीआरसी एरर’चा आंकडा वाढत असेल, तर मात्र आधीं जोडणीची केबल बदलून पहावी, पुष्कळदां थोडक्यांत भागतें.

विजेच्या बाबतींत प्लग सैल नाहीं ना, अर्थिंग ठीक आहे ना, हें वायरमनकडून पाहून घ्यावें. पॉवर सप्लाय जुना झाला कीं त्यांतील कपॅसिटर निकामी होऊं लागतात आणि जड कामाच्या क्षणीं व्होल्टेज ढळतें. त्याची पेटी घरीं कदापि उघडूं नये, कारण प्लग काढल्यावरहि आंत धोकादायक विद्युत् सांठलेली असते. दुसरा चांगला पॉवर सप्लाय लावून पाहणें, हीच त्याची खरी परीक्षा.

क्वचित् दोष कारखान्यांतूनच येतो. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांमुळें संगणक अकारण कोसळत. प्रोसेसर गरजेहून अधिक व्होल्टेज मागतात, असें कंपनीनें जुलै २०२४ मध्यें सांगितलें, सुधारित मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. त्या सुधारणेनें पुढील हानि टळते. झालेली भरून येत नाहीं. असा प्रोसेसर घरांत असल्यास बायॉस अद्ययावत् आहे कीं नाहीं, हें आधीं पहावें.

शेवटचा मुद्दा गणिताचा आहे, आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. यंत्र सरासरीनें तीन दिवसांतून एकदां थबकतें असें समजा. आपण रॅम बदलली आणि तीन दिवस सुखाचे गेले, तर दोष गेला काय? यदृच्छेनें घडणाऱ्या गोष्टींचा हिशेब सांगतो, कीं कांहींहि न बदलतां असे तीन दिवस लाभण्याचा संभव शेंकडा ३७ आहे. नऊ दिवस निर्वेध गेले, तर तोच संभव शेंकडा ५ वर येतो. तात्पर्य, नेहमींच्या अंतराच्या निदान तिप्पट काळ थांबावें आणि तोंवर दुसरें कांहीं बदलूं नये. एकाच दिवशीं रॅम, केबल आणि विंडोज असें तिन्ही बदललें, तर यंत्र सुधारेल कदाचित्, पण कशानें सुधारलें हें कळणार नाहीं.

आणि एवढें करूनहि यंत्र दुकानांत न्यावें लागलें, तर वही बरोबर न्यावी. “मधून मधून बंद पडतो,” एवढेंच सांगणाऱ्या गिऱ्हाइकास नवा मदरबोर्ड घ्या म्हणणें सोपें असतें. “रॅम रात्रभर तपासली, चूक नाहीं, लिनक्सवर नऊ दिवस चाललें, डिस्कचे पेंडिंग आंकडे इतके वाढले,” असें सांगणाऱ्यास तें सहसा कोणी म्हणत नाहीं.