पडून राहिलेली स्कूटर

गोठ्यात एक स्कूटर उभी आहे. ती वडिलांची आहे. वडील जाऊन दहा वर्षे झाली. तेव्हापासून तिला कोणी हात लावला नाही. तिच्यावर भुसा बसला आहे. सीटवर कोंबडी बसते. भंगारवाला दारात आला, की विचारतो, "द्यायची का?"

मुलाला ती द्यायची नाही. त्याला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे.

अशी गाडी तुमच्याही घरी असेल. ती पुन्हा चालू होते का? पुष्कळ वेळा होते. पण काम नीट क्रमाने करावे लागते.

ही गाडी चेतक. पुण्याच्या बजाज कंपनीने ती 1972 साली काढली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले. त्या काळी नंबर लावून गाडीसाठी कित्येक वर्षे थांबावे लागे. पुढे ही पेट्रोलची चेतक निघणे बंद झाले. 2020 पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर निघाली आहे. तरी जुन्या चेतकचे बरेच सुटे भाग अजून बाजारात मिळतात.

आधी किक मारू नका

मुलगा किक मारायला गेला. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याचा हात धरला.

"काका, एक किक मारून बघू द्या की."

"थांब रे बाळा. दहा वर्षे निजलेल्या माणसाला उठवून लगेच पळायला लावशील का?"

मिस्त्रीचे म्हणणे खरे होते. पेट्रोल फार दिवस राहिले, की आटते आणि चिकट होते. टाकीत गंज धरतो. तो गाळ कार्बोरेटरच्या बारीक भोकांत जाऊन बसतो. म्हणून जुने पेट्रोल आधी काढून टाका. हे काम उघड्यावर करा. जवळ विडी, काडी, चूल नको. काढलेले पेट्रोल विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नका. मग टाकी धुवा आणि कार्बोरेटर उघडून साफ करून घ्या.

इंजिनाच्या आत पिस्टन असतो. तो गंजाने अडकलेला असू शकतो. जोराने किक मारली तर आतला भाग मोडतो. म्हणून प्लग काढून त्या भोकात थोडे ऑइल सोडा. रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी किक हाताने हळूच दाबून पाहा. पिस्टन मोकळा फिरला तर उत्तम. नाही फिरला तर जोर करू नका. इंजिन उघडावे लागेल.

जुन्या चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. नुसते पेट्रोल घातले तर पिस्टन घासतो आणि इंजिन धरते. शेवटी शेवटी फोर-स्ट्रोक चेतकही निघाली होती. तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही. आपली गाडी कोणती आणि ऑइल किती, हे मिस्त्रीला विचारा.

चालू झाली, पण...

चार दिवसांनी गाडी सुरू झाली. धुराचा लोट उठला. घरातली सगळी बाहेर आली. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मुलगा बायकोला म्हणाला, "चल, पोराला घे. बाजाराला जाऊन येऊ."

मिस्त्रीने चावी काढून खिशात घातली. तो म्हणाला, "इंजिन बंद पडलं तर माणूस गाडी ढकलत घरी येतो. ब्रेक लागला नाही तर घरी येतच नाही."

चालू झालेली गाडी आणि रस्त्यावर नेण्याजोगी गाडी, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

मिस्त्रीने मग एकेक गोष्ट दाखवली. ब्रेकच्या तारा आतून गंजल्या होत्या. हिसका बसताच त्या तुटल्या असत्या. टायरची नक्षी चांगली होती, पण रबर कडक होऊन चिरले होते. असे टायर वाटेत फुटते. तारा, टायर, ट्यूब, ब्रेकचे लायनर, सगळे नवे घातले.

चेतकचे चाक दोन तुकडे जोडून केलेले असते. ते उघडण्याआधी ट्यूबमधली सगळी हवा सोडा. हवा असताना नट काढले, तर तुकडा उडून तोंडावर बसतो.

पाय ठेवायची जागाही खालून तपासा. या गाडीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंग हीच तिची चौकट. तो पत्रा सडला असेल तर गाडी मधून वाकते. फार सडला असेल तर आधी खर्चाचा हिशेब करा. मग ठरवा.

कागद वाचा

आता तुम्हाला वाचता येते. गाडीचे आरसी पुस्तक उघडा. त्यात इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो. तेच नंबर गाडीवर आहेत का, ताडून पाहा.

खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे आरटीओ गाडी तपासते आणि 5 वर्षांसाठी नोंदणी नवी करून देते. मालक वारला असेल तर गाडी वारसाच्या नावावर करावी लागते. विमा लागतो. धूर तपासल्याचा दाखला लागतो. चालवणाऱ्याकडे गिअरच्या गाडीचा परवाना हवा.

हे सगळे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. आरटीओत न्यायची तर टेम्पोत घालून न्या. विमा नसताना कोणाला धक्का लागला, तर भरपाई घरादारावर येते.

मुलाला या सगळ्याला तीन महिने लागले. मग एका बाजाराच्या दिवशी मिस्त्रीने स्वतःच त्याला चावी दिली.

"आता ने. ब्रेक मी दाबून बघितलाय."