पूर्व विदर्भातील गोड्या पाण्यातील मासेमारी : साधने व लहान नाव यांच्या निवडीची तत्त्वे

प्रस्तावना

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा प्रदेश तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने सिंचनासाठी बांधलेले व पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हजारो तलाव आजही येथे आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले. लोकभाषेत मात्र ते 'मामा तलाव' म्हणजेच माजी मालगुजारी तलाव म्हणूनच रूढ राहिले. या तलावांच्या जोडीला पुढे पेंच नदीवरील तोतलाडोह आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द यांसारखे विस्तीर्ण जलाशय आले. या सर्व पाण्यावर ढिवर समाजाची उपजीविका पिढ्यानपिढ्या अवलंबून आहे. अलीकडे छंद म्हणून गळाने मासेमारी करणारा शहरी वर्गही त्यात सामील झाला आहे.

उपजीविका असो वा छंद, पाण्यावर जाणाऱ्या माणसासमोर दोन प्रश्न उभे राहतात : साधन कोणते घ्यावे आणि नाव कोणती असावी? हे प्रश्न वरकरणी खरेदीचे वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याच्या उत्तरावर जलाशयातील मत्स्यसंपदेचे भवितव्य आणि दुसऱ्याच्या उत्तरावर माणसाचे प्राण अवलंबून असतात. या निवडीमागील शास्त्रीय तत्त्वांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पाणी आणि मासा : निवडीचा पाया

उत्तर अमेरिकेत 'बास' या शिकारी माशाच्या मासेमारीभोवती गळ, काठ्या आणि उथळ बुडाच्या नावा यांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. तेथील साहित्याची वर्णने वाचून भारतातील हौशी मंडळी तेच साहित्य मागवतात. परंतु बास हा विदर्भाच्या पाण्यातील मासा नाही. सवयींच्या दृष्टीने त्याच्या जवळ जाणारा येथील मासा म्हणजे मरळ. मरळ हवेतील प्राणवायू घेऊ शकते. त्यामुळे कमी प्राणवायूच्या, गाळाच्या आणि वनस्पतींनी भरलेल्या उथळ पाण्यातही ती टिकून राहते. कमळाच्या पानांखाली किंवा पाणगवताच्या कडेला ती दबा धरून बसते आणि पृष्ठभागावर हालचाल दिसताच झडप घालते. नर-मादी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करतात, ही तिची आणखी एक महत्त्वाची सवय होय.

याउलट रोहू, कटला व मृगळ हे प्रमुख कार्प मासे मोकळ्या पाण्यात वावरतात. ते स्वभावतः वाहत्या नदीत, पावसाळी पुराच्या वेळी प्रजनन करतात. साचलेल्या तलावात त्यांचे नैसर्गिक प्रजनन सहसा होत नाही. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि तलावात बीज सोडण्याची आजची पद्धत शक्य झाली. म्हणजेच तलावातील कार्प हे बहुधा सहकारी संस्थेने पैसे मोजून सोडलेले पीक असते, तर मरळ, वाम यांसारखे स्थानिक मासे हे तलावाचे स्वतःचे धन असते. साधनाची निवड करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

गळ व काठी

गळाच्या मासेमारीत काठी, चक्री, दोरी आणि गळ हे चार घटक परस्परांशी जुळणारे असावे लागतात. वनस्पतींतून मरळ बाहेर काढायची तर ती दोरीसह पानांच्या देठांत गुंतण्यापूर्वीच खेचली गेली पाहिजे. त्यासाठी साधारण दोन मीटर लांबीची, टोकाशी लवचीक परंतु मधल्या भागात ताठ अशी काठी उपयुक्त ठरते. एकेरी नायलॉन तंतूची दोरी ताणली जाते. त्यामुळे मोकळ्या पाण्यात ती माशाचा झटका सोसते, परंतु वनस्पतींत तोच ताण अडचणीचा ठरतो. विणीची दोरी जवळजवळ ताणत नाही आणि त्याच जाडीत अधिक भार पेलते. म्हणून मरळीसाठी ती योग्य, तर दगडाळ तळाच्या पाण्यात घर्षण सोसणारी एकेरी दोरी अधिक भरवशाची.

चक्रीचा रोध दोरीच्या भारक्षमतेच्या साधारण चतुर्थांश ते तृतीयांश इतका ठेवावा, असा व्यावहारिक नियम आहे. १५ किलो क्षमतेच्या दोरीस चार ते पाच किलोंचा रोध पुरेसा होतो. त्याहून अधिक रोध ठेवल्यास गाठ तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन निसटतो. आमिषासाठी जिवंत बेडूक वापरण्याची प्रथा सोडून रबरी कृत्रिम बेडूक वापरणे इष्ट आहे. त्याचे गळ अंगालगत वर वळलेले असल्याने तो पानांत अडकत नाही. पिल्लांची राखण करणाऱ्या मरळीवर मात्र गळ टाकू नये. पालक उचलला गेला की संपूर्ण थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

जाळे आणि त्याची आस

व्यावसायिक मासेमारीत फेकजाळे आणि कल्ल्यांत मासा अडकवणारे उभे जाळे, म्हणजेच गिलनेट, ही प्रमुख साधने आहेत. पूर्वी ही जाळी सुती किंवा तागाच्या धाग्यांची असत. ती वारंवार वाळवावी लागत आणि लवकर कुजत. नायलॉनने ही अडचण दूर केली. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने समुद्राबरोबरच जलाशयांसाठीच्या जाळ्यांवरही संशोधन केले असून ओडिशातील हिराकुड जलाशयालगत बुर्ला येथे तिचे केंद्र होते.

गिलनेटची निवड आसेवर, म्हणजे ताणलेल्या घराच्या समोरासमोरच्या दोन गाठींतील अंतरावर ठरते. आस १०० मिलिमीटर असेल तर त्या घराचा परीघ २०० मिलिमीटर होतो. ज्या माशाचे डोके या घरातून जाते, परंतु शरीराचा सर्वांत जाड भाग जात नाही, तोच त्यात अडकतो. सामान्यतः घराच्या परिघापेक्षा सुमारे सव्वापट घेर असलेले मासे अशा जाळ्यात सर्वाधिक सापडतात. लहान मासे सुटतात आणि फार मोठे मासे डोकेच आत घालू शकत नाहीत. ही निवडक्षमता हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण होय.

जाळे दोरावर किती सैल बांधावे, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. १०० मीटर ताणलेले जाळे ५० मीटर दोरावर बांधल्यास घरे उभट व सैल राहतात आणि मासा चांगला अडकतो. जाळे दोरावर ताठ बांधल्यास ही क्षमता घटते.

बारीक आसेच्या जाळ्याने पहिल्या दिवशी पकड भरघोस दिसते, परंतु ती पुढच्या हंगामाची उचल असते. किलोभर वजनाचा होऊ शकणारा रोहू पाव किलोचा असताना काढला, तर बीजावरील खर्चही भरून निघत नाही. सुरुंग आणि विष यांच्या साहाय्याने मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासूनच गुन्हा ठरले आहे. पाण्यात सुटून हरवलेले नायलॉनचे जाळे कुजत नाही. ते मासे, कासवे व पाणपक्षी मारतच राहते. म्हणून जाळ्यास ठळक तरंगखूण बांधणे आणि फाटलेले जाळे काठावर आणणे हा साधनाच्या वापराचाच भाग मानला पाहिजे.

नावेची निवड

वैनगंगेच्या खोऱ्यात परंपरेने लाकडी डोंगा वापरला जातो. आता पत्र्याच्या व फायबरच्या नावा आल्या आहेत. अनेक जण ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा यांवरही भागवतात. यांतील निवड तीन कसोट्यांवर करता येते.

पहिली कसोटी भारक्षमतेची. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार एक लिटर पाणी बाजूस सारले की एक किलो भार पेलला जातो. चार मीटर लांब व १.२ मीटर रुंद सपाट बुडाच्या नावेचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्र, निमुळती टोके वजा जाता, सुमारे ३.४ चौरस मीटर भरते. म्हणजे प्रत्येक ३४ किलो भारामागे ती एक सेंटिमीटर खाली जाते. दोन माणसे आणि ४० किलोंचे ओले जाळे असा १६० किलोंचा भार तिला जेमतेम पाच सेंटिमीटर बुडवतो. त्याच नावेत अकरा माणसे बसली तर ती २० सेंटिमीटर बुडेल आणि काठ पाण्यालगत येईल.

दुसरी कसोटी स्थैर्याची. नाव कलंडताना तिला सरळ करणारा आकारजन्य जोर लांबीच्या प्रमाणात, परंतु रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाच मीटर लांब पण अर्धा मीटर रुंद डोंग्याच्या तुलनेत वरील सपाट नावेत हा जोर सुमारे अकरा पट असतो. डोंग्यात उभे राहून जाळे फेकणे ही ढिवरांची कमावलेली कला आहे. नवख्याने तिचे अनुकरण करू नये. उभे राहिल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि स्थैर्य आणखी घटते. गवताळ, उथळ मामा तलावात बांबूने ढकलता येणारी सपाट बुडाची नाव उत्तम चालते. विस्तीर्ण जलाशयात मात्र वाऱ्याला मोठा मोकळा पट्टा मिळून लाटा उंच होतात. तेथे किंचित उचललेले नाळेचे टोक आणि भारासह किमान २५ ते ३० सेंटिमीटर उंच राहणारे काठ आवश्यक आहेत.

तिसरी कसोटी पाणी भरल्यानंतरची. लाकूड पाण्याने भरले तरी तरंगते. लोखंडी पत्रा आणि फायबर ही दोन्ही द्रव्ये पाण्याहून जड असल्याने त्यांच्या नावा बुडतात. म्हणून त्यांत दोन्ही टोकांना बंदिस्त हवाकोठ्या किंवा फोमचे ठोकळे असलेच पाहिजेत. ट्यूब एका काट्याने फुटते, तर थर्माकोल झिजून त्याचे कण पाण्यात पसरतात.

सुरक्षितता, कायदा आणि अर्थकारण

९ जुलै २०१७ रोजी नागपूरजवळील वेणा जलाशयात अकरा जणांना घेऊन गेलेली नाव उलटून तरुणांचे प्राण गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील गणपूरजवळ वैनगंगेत मिरची तोडणीसाठी निघालेल्या महिलांची नाव उलटून सहा जणींचा बळी गेला. लहान नावेतील प्रत्येक जादा माणूस काठाची उंची कमी करतो आणि त्याने जागा बदलली की नाव कलते. अशा वेळी जीवरक्षक जाकीट हाच शेवटचा आधार असतो. जाकिटाचा खर्च नावेच्या किमतीतच धरला पाहिजे.

कायद्याची मर्यादाही निवडीपूर्वी जाणून घ्यावी लागते. तोतलाडोह जलाशय पेंच राष्ट्रीय उद्यानात येतो. तेथील मासेमारीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ च्या निकालात मध्य प्रदेशातील ३०५ विस्थापित आदिवासींच्या परवान्यांबाबत न्यायालयाने कठोर अटी घातल्या. संरक्षण आणि उपजीविका यांतील हा ताण अद्याप पूर्णतः मिटलेला नाही. मामा तलावांतही मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. हौशी व्यक्तीने त्यांची परवानगी घेणे हा केवळ शिष्टाचार नसून दुसऱ्याच्या पिकाचा मान राखणे होय.

पारंपरिक मच्छीमारांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नाव व जाळे यांकरिता अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. सर्वसाधारण गटास ४० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिलांस ६० टक्के असे तिचे प्रमाण होते. उर्वरित रक्कम उभी करणे ज्यास अशक्य होते, तो पुन्हा ट्यूबकडे वळतो. म्हणून ट्यूबवर बसलेला मच्छीमार निष्काळजी आहे असे म्हणण्यापूर्वी त्याच्या हाती कोणते पर्याय होते, हे पाहावे लागते.

निष्कर्ष

१) साधनाची निवड जाहिरातीवरून न करता पाणी, वनस्पती आणि मासा यांवरून करावी.

२) जाळ्याची आस म्हणजे पुढील हंगामाविषयी घेतलेला निर्णय असतो. तो एकट्या मच्छीमाराने नव्हे, तर सहकारी संस्थेने सामूहिकपणे घ्यावा.

३) लहान नावेत लांबीपेक्षा रुंदी, आणि वेगापेक्षा बुडाल्यावरही तरंगण्याचा गुण महत्त्वाचा मानावा.

४) भारक्षमतेचे साधे गणित शाळा-महाविद्यालयांतून आणि मत्स्य सहकारी संस्थांच्या सभांतून समजावून दिले जावे. नावेच्या काठावर माणसांची कमाल संख्या रंगवण्यास फारसा खर्च येत नाही.

ढिवर समाजाकडे पाण्याचे जे ज्ञान आहे, त्यास मोजमापाची जोड मिळाल्यास मासा आणि मच्छीमार दोघेही टिकतील. या कामी पूर्व विदर्भातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र व समाजशास्त्र विभागांना एकत्र येऊन मोलाची भर घालता येईल.