धावत्या पावलांनी उद्यानदर्शन

शहर पाहण्याच्या ज्या नव्या पद्धती जगातील मोठ्या शहरांत रूढ झाल्या आहेत, त्यांत मार्गदर्शकासमवेत धावत केलेली सहल ही एक होय. मोजक्या लोकांचा गट ठरल्या ठिकाणी जमतो. मार्गदर्शक सर्वांत मंद धावणाऱ्यास झेपेल असा वेग राखतो आणि जागोजागी क्षणभर थांबून माहिती देतो. न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क हे अशा सहलींचे एक आवडते क्षेत्र आहे.

८४३ एकरांचे हे उद्यान प्रथमदर्शनी निसर्गाचेच देणे वाटते. वस्तुतः ते मानवी योजनेचे फळ आहे. १८५८ साली स्पर्धेत आलेल्या ३३ आराखड्यांतून फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांचा आराखडा निवडला गेला. त्यानुसार तळी खोदली गेली, माती आणून भरली गेली, वृक्ष लावले गेले. शहराची रहदारी उद्यानाच्या आरपार नेणारे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली उतरविण्यात आले. पादचारी, घोडेस्वार व गाड्या यांचे मार्ग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून पूल व कमानी बांधल्या गेल्या. या दूरदृष्टीचा लाभ आजच्या धावणाऱ्यांस मिळतो. अंतर्गत रस्ते २०१८ साली मोटारींना बंद झाल्याने ही वाट अधिकच निर्वेध झाली आहे.

उद्यानाची पूर्ण फेरी सुमारे ९.८ किलोमीटरची असून उत्तरेकडील चढ दमछाक करणारा आहे. ज्यांना एवढे अंतर झेपत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या जलाशयाभोवतीची सुमारे अडीच किलोमीटरची वाट सोयीची ठरते. १९७० साली न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन याच उद्यानात झाली. तीत १२७ स्पर्धक उतरले आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. दक्षिण भागातील खडकांवर प्राचीन हिमनदीने उमटविलेले ओरखडेही पाहावयास मिळतात.

परंतु मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते ती पश्चिमेकडील एका शांत हिरवळीपाशी. ८२ ते ८९ क्रमांकांच्या रस्त्यांसमोरील या भागात १८२५ पासून ‘सेनेका व्हिलेज’ नावाची वस्ती होती. मुक्त कृष्णवर्णीयांनी येथे जमिनी विकत घेतल्या, घरे बांधली, तीन चर्च व एक शाळा उभारली. १८५५ च्या सुमारास तेथे सुमारे सव्वादोनशे लोक राहत असत. त्या काळी त्या राज्यात कृष्णवर्णीय पुरुषास मतदानासाठी २५० डॉलर मूल्याची मालमत्ता असणे बंधनकारक होते. म्हणून जमिनीचा तुकडा हा तेथे नागरिकत्वाचाही आधार होता. उद्यानासाठी ही भूमी सरकारने संपादित केली. मालकांना मोबदला मिळाला. तथापि १८५७ च्या अखेरीस वस्ती उठविण्यात आली. पुढे दीर्घकाळ तिचे विस्मरण झाले. २०१९ मध्ये येथे माहितीफलक लावण्यात आले.

एकट्याने धावणाऱ्याच्या दृष्टीस ही जागा म्हणजे केवळ सावली आणि गवत. मार्गदर्शक येथे दोन मिनिटे थांबला, तर त्याच गवताखाली एक गाव असल्याचे उमगते. धावण्याने शरीरास लाभ होतो, तो मार्गदर्शकावाचूनही होईल. उद्यान कोणी घडविले आणि त्याकरिता कोणास घर सोडावे लागले, हे समजण्यासाठी मात्र जाणकाराची सोबत हवी. अशा सहली आखणाऱ्यांनी अंतर व वेग यांच्याइतकाच थांब्यांचाही विचार करणे अगत्याचे आहे.